डाव्या बाजूचा उतारू

माझा नवरा खाणीवरून भरलेला ट्रक खाली आणायचा तेव्हा उतार सुरू होण्याआधी थांबून केबिनचं डावं दार उघडायचा. अर्धी बिडी ओढायचा, उरलेली पेटती डाव्या खिडकीच्या कडेवर ठेवायचा आणि हात लांब करून दार ओढून घ्यायचा. मग आपल्या बाजूच्या दारावर बाहेरून तळहातानं दोनदा थापटायचा, धप धप, आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रक उतारावर सोडायचा.

डिचोलीकडच्या त्या खाणीवर दार उघडण्याची ही रीत सगळेच ड्रायव्हर पाळायचे. खाली, वजनकाट्याच्या जरा अलीकडे, किंदळीच्या झाडाखाली एक उभा दगड आहे. तिथं पुन्हा थांबायचं, पुन्हा डावं दार उघडायचं, मनातल्या मनात 'उतर' म्हणायचं आणि पुढं जायचं. त्या डोंगराचा राखणदार वर बसतो आणि खाली उतरतो. तो शेजारी बसलेला असला की ब्रेक तापत नाहीत, चाकं घसरत नाहीत, असं सगळे मानायचे. थापटणं मात्र एकट्या माझ्या नवऱ्याचं. मग राखणदार परत वर कसा जातो, हे मी नव्या नवरीच्या भोळेपणानं एकदा विचारलं होतं.

"चलत," नवरा म्हणाला. तो दोडामार्गाकडचा, बोली शेवटपर्यंत मालवणीच राहिली. "तेका चढाव गमता. उतारार मात्र सोबत लागता."

मी हसले नाही. माझं माहेर कोरगावचं. काजूच्या बागांच्या कडेनं राखणदार आमच्याकडेही आहेत. वर्षाला नारळ आणि रोट मिळाला की ते आपले गप्प असतात. ट्रकात बसून फिरणारा मात्र मी पहिल्यांदाच ऐकला.

खाण बंद झाली त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. मी बायकांचे ब्लाऊज शिवते. माझं मशीन पुढच्या जनेलापाशी असतं, त्यामुळे दारात काय चाललंय ते मला शिवता शिवता दिसतं. ट्रक मालकाचा, पण उभा आमच्या फणसाखाली असायचा. त्यानं तो तिथं लावला, आपल्या बाजूनं उतरला, पुढून वळसा घालून गेला आणि डावं दार उघडलं. जरा वेळ तसाच दार धरून उभा राहिला. मग सोप्यावर आला. आमच्या सोप्यावर चिऱ्यांचा लांब कट्टा आहे. त्याचं डावं टोक त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं पुसलं आणि स्वतः उजव्या टोकाला जाऊन बसला. उद्या ट्रक मालकाकडे जाणार, म्हणून त्याचा जीव वरखाली होत असणार, असं मला वाटलं.

चहा दिला तेव्हा कपाकडे बघत म्हणाला, "आज तेका उतरवूक इसारलंय गो."

"मगे नेवन सोडा परत."

"गेट बंद केल्यानी. आता खयसून जातलंय?"

इतक्या शांतपणे म्हणाला की मला वाटलं माझी फिरकी घेतोय. मी आत जाऊन हुकं लावत बसले.

खाण चालू होती तेव्हा सगळी डिचोली लाल असायची. झाडांची पानं लाल, दोरीवरचे कपडे लाल, लग्नाचा पांढरा ब्लाऊज शिवायला घेतला की मी जनेल बंद करून घामाघूम होत बसायची. ट्रक थांबले आणि पहिल्याच पावसाळ्यात पानं धुऊन निघाली. आमच्या सोप्यावर मात्र धूळ येत राहिली. सगळीकडे नाही. फक्त कट्ट्याच्या डाव्या टोकावर. सकाळी मी ओल्या फडक्यानं पुसायची, संध्याकाळी दिवा लावायला गेले की तिथं बोट फिरवल्यावर रेघ उठायची. मांजर साऱ्या कट्ट्यावर लोळायचं, पण तिथवर आलं की थबकायचं, आणि खाली उडी मारून त्या टोकाला वळसा घालून जायचं.

नवरा नंतर कुणाचा तरी टेम्पो चालवायला लागला. संध्याकाळी आला की उजव्या टोकाला बसायचा आणि हलक्या आवाजात बोलायचा. टायर, डिझेल, कुठल्या वळणावर कोण कसा चुकला, असलं सगळं. मध्येच गप्प व्हायचा, ऐकायचा, मान हलवायचा. माझ्याशी बोलताना त्याची दोन वाक्यांवर गाडी जात नसे. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला राग यायचा. सवत आली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

मग तो गेला. टेम्पो धुताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचायच्या आधीच सगळं संपलं. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि त्या संध्याकाळी मी सोप्यावर बोट फिरवून पाहिलं. रेघ उठली. आणणारा निघून गेला, आणलेला बसून राहिला, ह्याचा मला असा संताप आला की मी बादलीभर पाणी त्या टोकावर ओतलं. दगड वाळला आणि पुन्हा तेच.

बाजारात जायला मी त्याची जुनी स्कूटर चालवायला लागले होते. ती एकदा दुरुस्तीला दिली, तर मेकॅनिकनं मागच्या सीटवर हात ठेवून विचारलं, "बाये, डावीकडे तोंड करून मागे कोण बसता गो? ह्या बाजूचो फोम पुराय बसलो." मी म्हटलं, कुणी नाही. तो हसला आणि नवीन फोम घालून दिला. तोही तसाच दबला.

आता माझ्या लेकीबद्दल. ती एकुलती एक. वास्कोला बंदरावरच्या एका ऑफिसात नोकरीला आहे, तिथंच खोली घेऊन राहते. वडील गेल्यावर पहिल्यांदा घरी आली ती तिन्हीसांजेला. दमलेली होती. बॅग खाली टाकली आणि न बघता कट्ट्याच्या डाव्या टोकाला टेकली. लगेच उठली. दगडाकडे बघत राहिली.

"आई," ती म्हणाली, "हय आत्ताच कोण बसल्लो?"

"कोणूच नाय."

"दगड गरम आसा."

मी हात लावून पाहिला. खरंच ऊब होती, माणूस उठून गेल्यावर राहते तेवढी. उन्हाची म्हणावी तर त्या बाजूला ऊन येत नाही. तिनं बॅग उचलली आणि त्याच पावली शेवटच्या बसनं वास्कोला परत गेली. तेव्हापासून ती रविवारी सकाळी यायची, जेवायची, माझ्याशी गोड बोलायची आणि दिवे लागायच्या आत निघून जायची. गणपतीच्या चवथीलासुद्धा राहिली नाही. स्वतःच्या घरात माझ्या पोरीला एक झोप मिळू नये, ह्याहून वाईट काय असतं मला ठाऊक नाही. मला दुसरं काही नको होतं. तिनं तिच्या वडिलांच्या घरात एकदा शांत झोपावं.

शेवटी मी कोरगावच्या, देवस्कीचं बघणाऱ्या घाड्याकडे गेले. त्यानं नारळ घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तो कुठल्या बाजूनं बसतो. मी म्हटलं, डाव्या.

"तेका कोणी डांबून ठेवूक नाय," तो म्हणाला. "पण आपली हद्द सोडल्यार तो चलना नाय. गाडयेर बसान इलो, गाडयेर बसानच जातलो. घराकडसून बसव, डोंगरार ने, थयसून उतार उतरून खाली घेवन ये, दगडाकडे थांब आणि उतरव. ढकलत नेव नको, चालवून ने. वाटेत मागे बघू नको. आणि दगडाकडे थांबलंस नाय, तर परत तुझ्याच घराक येतलो."

स्कूटरवरून नेलं असतं तर काम एका सकाळीत झालं असतं. पण त्या वाटेवर आता खंदक खणलाय आणि मोठाले धोंडे टाकलेत. चालणारा जातो, आणि सायकल खांद्यावर मारून सायकलवाले जातात. सुट्टीच्या दिवशी वास्को-पणजीकडची रंगीत हेल्मेटवाली पोरं तिथं येतात, हे मला माझ्याच लेकीकडून कळलं होतं. तीही त्यांच्यातली. तिच्याकडे जाड टायरांची डोंगरी सायकल होती.

मी तिला म्हटलं, तूच ने. ती पांढरी पडली. म्हणाली, "तो माझ्या पाठी बसलो तर मी हात सोडतलंय, आई." हात सोडणारीनं त्या उतारावर जाऊ नये, एवढं मलाही कळत होतं. मग मीच शिकायचं ठरलं. शाळेला असताना कोरगावच्या बांधांवरून सायकल चालवली होती, ती काय विसरते, असं मी ठणकावून सांगितलं. लेकीनं आपली सायकल माझ्याकडे ठेवली आणि स्वतःसाठी मैत्रिणीची मागून आणली.

सुरुवातीलाच आमचं भांडण झालं. मला सायकलला मागं कॅरिअर हवा होता.

"माउंटन सायकलीक कोण कॅरिअर लावता? लोक हासतले."

"तो बसतलो खय मगे? माझ्या डोक्यार?"

दुकानदार हसलाच, पण त्यानं पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलला असतो तसला पत्र्याचा कॅरिअर बसवून दिला. सलवारीच्या पायात मी इलॅस्टिक घातलं, चेनमध्ये अडकायला नको म्हणून. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवायचा, हे लेकीनं स्वतः बघितलं. मापाच्या बाबतीत तिनं मला शिकवावं, ह्याची मला गंमत वाटली.

बाकी शिकवणं सोपं नव्हतं. उतारावर सीट खाली घ्यायची आणि सीटवर बसायचंच नाही. दोन्ही पायडलं एका पातळीत ठेवून त्यावर उभं राहायचं, गुडघे-कोपरं मोकळी, बूड सीटच्या मागं. उतार जेवढा तीव्र तेवढं अंग मागं, नाहीतर मागचं चाक उचललं जाऊन माणूस हँडलवरून पुढं जातो. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर, बाकीची मुठीवर. ब्रेक दोन्ही मिळून, दाबत-सोडत, आणि वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर नाही. दाबणं-सोडणं मला लगेच जमलं, मशीनचं पायडल मारून मारून ते अंगात होतं. नजर मात्र जमेना. मी सारखी पुढच्या चाकाकडे बघायची.

"चाकाक बघू नको. चाक खय जाता ता चाकाक म्हायत आसा. फुडे बघ, आणि मागे तर बघूच नको."

घाडी आणि लेक ह्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

पहिली पडले ती घरामागच्या पायवाटेवर, साध्या उतरणीला. मध्यावर देवीची घुमटी आहे. चांगली चालले होते. घुमटी आली आणि माझा उजवा हात हँडलवरून उठून आधी छातीला आणि मग कपाळाला गेला. जन्माची सवय. आमच्याकडे स्कूटर चालवतानाही सगळ्यांचा हात असाच उठतो. एका हातानं ब्रेक करकचून दाबला गेला, चाक वाळूत आडवं झालं आणि मी घुमटीसमोर साष्टांग पडले. ढोपर फुटलं. लेक आधी घाबरली आणि मग पोट धरून हसली. ती अशी हसल्याला किती दिवस झाले होते.

"देवाक नमस्कार मनात," ती म्हणाली. "हात हँडलार."

थंडीभर आम्ही रविवारी हेच केलं. मग खाणीचा उतार एकदा पायी चालून पाहिला, कारण जो उतार पायांनी पाहिला नाही तो सायकलीनं उतरायचा नाही, असा तिचा नियम. दुसरा नियम, एकटीनं कधी जायचं नाही. तिसरा, भीती वाटली तर थांबायचं, उतरायचं आणि चालत यायचं. त्यात लाज नाही. मी तिला विचारलं, कुणाची भीती वाटली तर? ती पुढं चालायला लागली.

ज्या सकाळी जायचं ठरलं त्या सकाळी मी सायकल सोप्यापाशी आणली, कट्ट्याच्या डाव्या टोकाजवळ जरा कलती केली आणि म्हटलं, "बस." लेक फाटकाबाहेर तोंड फिरवून उभी होती. आधी काहीच झालं नाही. मग कॅरिअरच्या स्प्रिंगनं बारीक आवाज केला आणि हँडल माझ्या हातात किंचित हललं. फणसावरचे कावळे गप्प झाले. मी पायडल मारलं तेव्हा माझ्या मांड्या भरून आल्या. तो वारा नव्हता की चढण नव्हती, मागं कुणीतरी होतं.

खंदकापाशी पंचाईत झाली. सायकल उचलून पलीकडे न्यायची तर तो मागं बसलेला. मी मान न वळवता म्हटलं, "जरा घट धर." लेकीनं पुढचं चाक उचललं, मी मागचं. घामानं निथळलो आम्ही. पलीकडे गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, आपली सायकल खांद्यावरून आणली आणि तिच्यावर बसली.

वर सड्यावर धुकं होतं. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठून तळं झालंय, हिरवट, कडेला एक पान न हलणारं. धुकं त्याच्यातून निघत होतं आणि उताराच्या तोंडाशी येऊन थांबत होतं. तिथं एकही पक्षी बोलत नव्हता. लेक म्हणाली, मी पाठून येते, तू पुढं हो, म्हणजे तू मला दिसत राहशील. मी ब्रेक तपासले, सीट खाली घेतली, पायडलांवर उभी राहिले. बिडीचा वास आला. आमच्या दोघींत बिडी ओढणारं कुणी नाही.

आणि मागं कॅरिअरच्या पत्र्यावर तळहात पडला. धप धप.

मी मागं पाहिलं नाही. दोन बोटं ब्रेकवर ठेवली आणि सायकल सोडली.

उतारावर खनिजाचा बारीक लाल चुरा पसरलाय, गोट्यांसारखा सरकतो. मला शिकवलं होतं की अंग मागं नेलं नाही तर मागचं चाक हलकं पडेल. ते एकदाही हलकं पडलं नाही. पहिल्या वळणाआधी मी दाबत-सोडत वेग उतरवला, नजर वळणाच्या पलीकडे ठेवली आणि सायकल आपसूक वळली, भरल्या ट्रकासारखी शांत. धुक्यात पुढचं दहा हात दिसत होतं. मानेवर कुणाचा तरी श्वास लागतोय असं वाटत होतं, पण तो थंड नव्हता. दुसऱ्या वळणावर चाक थोडं सरकलं, मी घाबरून ब्रेक करकचणार होते, तेवढ्यात माझ्या अंगाचा भार कुणी हलकेच मागं ओढला आणि बोटं सैल झाली. सायकल सरळ झाली. मला रडू येत होतं आणि ते का, हे तेव्हा कळलं नाही.

किंदळीचं झाड आलं. मी थांबले, डावा पाय जमिनीवर टेकला, सायकल डावीकडे कलती केली. "उतर," मी म्हटलं. स्प्रिंग पुन्हा बारीक वाजली. सायकल अशी हलकी झाली की मीच तोल जाऊन पडले असते.

लेक मागून आली. ती माझ्याकडे नाही, वाटेकडे बघत होती. धुक्यानं ओलसर लाल मातीत दोन सायकलींच्या दोन रेघा होत्या. तिची वरवरची, माझी बोटभर खोल. दगडापर्यंत खोल, आणि दगडापुढं मी थोडी सरकले होते तिथं वरवरची. मी तिच्याहून अंगानं बारीक आहे.

घरी आल्यावर तिनं कट्ट्याच्या डाव्या टोकावर हात ठेवला. दगड गार होता. ती तिथंच आडवी झाली आणि दुपारची जेवणं टळून गेली तरी उठली नाही, पालथी, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. मी जनेलातून बघत होते. मशीनचा आवाज नको म्हणून हातानं काज करत होते. मला इतका आनंद झाला होता की सुई दोनदा बोटात गेली. ती रात्रीही राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणि चहा घेऊन थेट ऑफिसला गेली. म्हणाली, आता दर आठवड्याला राहायला येते.

त्या संध्याकाळी मी दिवा लावायला सोप्यावर गेले आणि सवयीनं बोट फिरवलं. रेघ उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मांजर त्या टोकावर बिनघोर पसरलं होतं. मी त्याला हाकललं आणि माझं मलाच नवल वाटलं.

घरात आता आवाज व्हायचा तो फक्त माझा. ताटली मी ठेवली की ठेवल्याचा, दार मी लावलं की लावल्याचा. मी मशीनवर बसायची आणि मध्येच थांबून ऐकायची. कशासाठी थांबले ते आठवायचं नाही. मग एका दुपारी बाही जोडताना माझा हात थांबला. राखणदार बसतो आणि उतरतो. तो थापटत नाही. थापटायचा तो माझा नवरा.

आणि दुसरं. त्या शेवटच्या दिवशी फणसाखाली त्यानं डावं दार उघडलं होतं. धरून उभा राहिला होता. विसरलेला माणूस घरी आल्यावर दार उघडून उभा राहत नाही, कट्टा पुसून जागा करून देत नाही. इतकी वर्षं उतरवायला जो कधी चुकला नाही, तो त्या दिवशीच कसा चुकेल? तो विसरला नव्हता. ट्रक जाणार, खाण जाणार, उद्यापासून शेजारी कुणी नसणार, म्हणून त्यानं त्याला घरी आणलं होतं. आणि मला सांगायची लाज वाटली, म्हणून विसरलो म्हणाला. मी आत हुकं लावत बसले होते.

मी त्या दिवशी पोटभर रडले. मेला तेव्हाही इतकी रडले नव्हते.

पुढच्या रविवारी लेकीला कामावर जायचं होतं. मी हेल्मेटचा पट्टा दोन बोटं सैल ठेवून लावला, इलॅस्टिकची सलवार घातली, नाक्यावरच्या दुकानातून बिडीचं बंडल घेतलं आणि एकटी निघाले. लेकीचा एक नियम मोडत होते, बाकीचे सगळे पाळणार होते. सायकल जाताना हलकी होती. खंदक एकटीनं ओलांडला. वर धुकं तसंच उताराच्या तोंडाशी थांबलेलं. मी एक बिडी पेटवली, खोकला आला, उरलेली कॅरिअरच्या कडेवर ठेवली. सायकल डावीकडे कलती केली.

"बसा," मी म्हटलं.

किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. बिडी विझत आली. मग स्प्रिंग वाजली, आणि पत्र्यावर दोनदा तळहात पडला.

उतार मी नीट उतरले. वळणाआधी ब्रेक, नजर पुढं, अंग मागं. किंदळ दिसली, दगड दिसला. तिथं वाट सपाट होते, थांबायला काही कठीण नाही. दोन्ही बोटं ब्रेकवर होती. मला लेक आठवली, कट्ट्यावर पालथी झोपलेली. तिची झोप मी थंडीभर पडत-झडत मिळवली होती, आणि ती आता जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोटं उचलली. सायकल दगडावरून पुढं गेली, जड, सावकाश, घराच्या वाटेनं.

खंदकापाशी 'जरा घट धरा' म्हटलं आणि एकेक चाक उचलून सायकल पलीकडे नेली. फाटकातून आत येऊन मी सायकल सोप्याला टेकवली आणि जरा वेळ धरून उभी राहिले. कट्ट्याचं डावं टोक ओढणीनं पुसलं. उजव्या टोकाला जाऊन बसले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. पुढच्या शनिवारीच येते, बॅग घेऊन, म्हणाली. खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, "शेवटची बस किती वाजता आसा ता बघून ये."

फोनमध्ये तिच्या मागं बंदरावरचा भोंगा ऐकू येत होता.

"ते दिवशी वरती मियाय आयकलंय," ती शेवटी म्हणाली. "धप धप. तुका सांगूक धीर झालो नाय."

मी कट्ट्याच्या डाव्या टोकाकडे पाहिलं.

"तू खय बसलंस आता?"

"उजवीकडे."

"मगे मधी जागा आसा मा?" ती म्हणाली.